लक्ष्मणरावांच्या अध्यक्षतेखाली

आमच्या संतकृपा नगरात माणसं राहतात, असा महानगरपालिकेचा समज नाही. नांदेडची हद्द लोह्याच्या रस्त्यावर एका नाल्यापाशी संपते आणि आमची कॉलनी त्या नाल्याच्या पलीकडून सुरू होते. म्हणजे डास शहराचे आणि रस्ते खेड्याचे. कागदोपत्री आम्ही सावरखेडा ग्रामपंचायतीचे. सावरखेड्याचा समज असा की आम्ही शहरातले सुखी लोक, आम्हाला काय कमी. या दोन समजांच्या मधोमध एक बोअर आहे. कॉलनीच्या मोकळ्या जागेत, लिंबाच्या झाडाखाली. त्या एका बोअरवर आख्खी कॉलनी जगते. मार्च लागला की आजूबाजूच्या वस्त्यांत बाया टँकरमागं पळतात, आमच्याकडं पळत नाहीत, त्या या बोअरमुळं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं ते बोअरसाठी केलं. दयानंदला मिरवायची हौस आहे, असं मागून म्हणणारे चार जण आहेत. त्यांची घरं मला माहीत आहेत.

मी एसटीत कंडक्टर होतो. सगळी नोकरी लोकांना "पुढं सरका, पुढं जागा हाय" सांगण्यात गेली. कुणी सरकलं नाही. तेव्हा लोकांना एखादी गोष्ट कळवणं म्हणजे काय असतं, हे मला कुणी शिकवू नये.

झालं असं की मी घरपट्टी भरायला ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक रामकिशन जागेवर नव्हते. त्यांच्याकडं गावं तीन आहेत, आणि कुठल्याही गावात विचारलं तर ते दुसऱ्या दोन गावांत असतात. वाट बघून तहान लागली. कोपऱ्यात पाण्याचा जार होता. ग्लास घ्यायला वाकलो, तर जारच्या मागं, भिंतीच्या पार बुडाला, एक कागद चिकटवलेला. ग्रामसभेची सूचना. सूचना सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावावी असा नियम आहे. वाकून पाणी पिणाऱ्या सर्वांना ती दिसत होती.

येत्या रविवारी सकाळी दहाला ग्रामसभा. विषय पहिला, मागचं इतिवृत्त वाचणं. विषय दुसरा, संतकृपा नगरची खुली जागा मंगल कार्यालयासाठी भाड्यानं देणं. कुणाला, ते लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. सरपंचाच्या मेहुण्यानं खुर्च्या आधीच आणून ठेवल्या होत्या.

तेवढ्यात रामकिशन आले.

"साहेब, ही सूचना इथं कामून लावली?" मी विचारलं.

"भिंत तिथंच रिकामी होती."

"आणि आमचा बोअर?"

"बोअर कुठं चाललाय? ऱ्हाईल की. कंपाउंडच्या आत ऱ्हाईल."

"मग आम्ही पाणी कसं भरायचं?"

"लग्न नसंल त्या दिवशी भरा."

रामकिशन माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं. त्यानं मला बसवून नीट समजावलं. ग्रामसभेला शंभर मतदार हजर पाहिजेत. नाही आले तर सभा तहकूब होते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा मात्र गणपूर्ती लागत नाही. सरपंच आणि त्याचे चार पाहुणे बसले तरी ठराव पक्का.

"मागच्या सभेला किती आले होते?" मी विचारलं.

"मागची तहकूब."

"त्याच्या मागची?"

"तहकूब."

निजाम गेला, त्याची नाणी गेली, हा एक शब्द तेवढा मागं ठेवून गेला.

मी मात्र खूश होऊन बाहेर पडलो. आमच्या कॉलनीत दीडशे घरं. घरटी एक माणूस आणला तरी शंभर होऊन उरतात. फक्त लोकांना कळवायचं होतं. घरी येऊन बबिताला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती बोअरच्या पाण्यानं हंडे भरत होती.

"कळवा की," ती म्हणाली. "पण तुम्ही कळवायला लागले की लोक दार लावून घेतात."

हे तिचं मत झालं. मी कामाला लागलो.

पहिला उपाय व्हॉट्सॲप. कॉलनीचा 'संतकृपा परिवार' नावाचा ग्रुप आहे. त्याचे ॲडमिन आमचे शेजारी मलप्पा, मूळचे देगलूरकडचे, बोलण्यात कानडी मिसळणारे, जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. मी सूचनेचा फोटो टाकला आणि खाली तळमळीनं दोन परिच्छेद लिहिले. अर्ध्या तासात जोडलेल्या हातांची रांग लागली. तिघांनी अभिनंदन केलं. एकानं भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. मग कुणाच्या तरी नातवाचा केक आला, आणि ग्रामसभा केकखाली गेली. मी तीच सूचना पुन्हा टाकली. पुन्हा टाकली. एकानं लिहिलं, हा परिवाराचा ग्रुप आहे, इथं राजकारण नको. मी त्याला विचारलं, तुझं पाणी काय केकातून येतं का. त्यावर वातावरण तापलं आणि मलप्पांनी ग्रुपला कुलूप लावलं. आता फक्त ॲडमिन लिहू शकत होते. ॲडमिननं लिहिलं, शुभ रात्री.

"येन री दयानंदराव," मलप्पा मला गेटवर म्हणाले, "लोकांला गोड बोलावं लागतंय. जनावराला बी इंजेक्शन द्यायच्या आधी पाठीवर हात फिरवतो आपण."

"जनावर निदान वळून बघतं," मी म्हणालो.

दुसरा उपाय फळा. शाळेनं भंगारात काढलेला एक फळा मी मिळवला, काळा रंग मारला आणि बोअरजवळच्या लिंबाला टांगला. मी हातोडी मारत असताना सल्ला द्यायला सात-आठ माणसं उभी होती. त्यातला हातोडी धरणारा एकही नाही. एक म्हणाला दक्षिणेला तोंड नको. एक म्हणाला आधी उद्घाटन करा, नाहीतर फळ्याला मान राहत नाही. मी सुंदर अक्षरात बातमी लिहिली. सकाळी जाऊन बघतो तर फळ्यावर, माझेच खिळे वापरून, वाढदिवसाचा फ्लेक्स. मधे गॉगल घातलेलं एक भावी नेतृत्व, भोवती दोन डझन शुभेच्छुक. मी फ्लेक्स सोडवायला लागलो, तर तीन शुभेच्छुक प्रत्यक्ष आले.

"काका, बॅनरला हात लावू नका. भाऊंचा अपमान होतो."

"आणि माझ्या फळ्याचा?"

"फळ्याचा वाढदिवस असला की तुम्ही लावा."

वाढदिवस सोमवारी होता. ग्रामसभा रविवारी. फळा त्या नेतृत्वाच्या मागं अंधारात राहिला.

तिसरा उपाय, घरोघर. मी सगळ्या कॉलनीची दारं वाजवली. सगळ्यांना बोअरची काळजी होती. सगळ्यांनी चहा पाजला. आणि सगळ्यांनी एकच वाक्य म्हटलं: "रविवारी? रविवारी आम्ही गावाकडं असतो."

हे खरं आहे, आणि आमच्या कॉलनीचं खरं दुखणं हेच आहे. इथं घर बांधलेल्या प्रत्येकाची जमीन कुठंतरी दुसरीकडं आहे. कुणाची मुखेडला, कुणाची लोह्याला, कुणाची कंधारला. शनिवारी दुपार झाली की गडी मोटारसायकलला पिशव्या अडकवून गावाकडं निघतात आणि सोमवारी सकाळी परत येतात. त्यात सोयाबीनची काढणी चालू. सरपंचानं रविवार उगीच धरला नव्हता. मी कुणाला नावं ठेवत नाही, मुखेड तालुक्यात माझंही रान आहे आणि मीही जातो. पण या रविवारी थांबा म्हटलं तर लोक माझ्याकडं असे बघत होते, जणू मी रानच मागितलंय.

शनिवारी दुपारी मलप्पांना माझी दया आली असावी. मारुतीच्या देवळाच्या माईकची चावी त्यांच्याकडं असते.

"भोंग्यावर सांगा," ते म्हणाले. "पण त्येला अध्यक्ष पाहिजे. अध्यक्ष न्हाई तर लोक म्हणतील, ह्येची एकट्याची भानगड हाय."

अध्यक्ष म्हणजे लक्ष्मणराव गुरुजी. किनवटकडच्या आश्रमशाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, कॉलनीत वयानं सगळ्यात मोठे. त्यांना न विचारता इथं कुणी पाण्याची टाकीही धुवत नाही. ते आणि त्यांच्या पत्नी रुक्मिणबाई सकाळीच किनवटला गेले होते, पण जाण्याआधी मी त्यांचा शब्द घेऊन ठेवला होता. रविवारी पहाटेच्या गाडीनं निघणार, नऊला त्यांच्या अंगणात बैठक, तिथून सगळे मिळून ग्रामपंचायतीत.

बबिता म्हणाली, "सांगायचंच असलं तर आरतीच्या टायमाला सांगा. मधीच नका लावू भोंगा."

"आरती होईस्तोवर सगळे गावाकडं जातील," मी म्हणालो, आणि निघालो.

मलप्पांनी मला बजावलं होतं की कंडक्टरसारखं ओरडायचं नाही. सावकाश, जड आवाजात, शब्द मोजून. मी तसंच केलं. "संतकृपा नगरमधील सर्व बंधू-भगिनींना कळविण्यात येते की, आपल्या सर्वांचे आधारस्तंभ, आदरणीय लक्ष्मणराव गुरुजी यांच्या राहत्या घरी, उद्या रविवारी सकाळी ठीक नऊ वाजता, त्यांच्या"

आणि लाईट गेली.

'अध्यक्षतेखाली' हा शब्द माझ्या तोंडात राहिला. आम्ही वाट बघितली. लाईट आली नाही. त्या संध्याकाळी आमच्या फिडरवर काय पडलं ते वीजवाल्यांना माहीत. मी चिडून घरी आलो. निम्मी का होईना, बातमी पोचली असेल, असं मनाला सांगितलं.

दिवेलागणीला मलप्पा बॅटरी घेऊन आले. चेहरा उतरलेला.

"दयानंदराव, लई वाईट झालं. लक्ष्मणराव गेले."

मी चहाचा कप खाली ठेवला. "कोण म्हणालं?"

"मुखेडहून फोन आला, मागच्या गल्लीतल्या पुनमच्या नवऱ्याचा. लोह्याहून बी आला एक. दोन्ही एकच सांगून राहिले."

दोन तालुक्यांतून बातमी येते म्हटल्यावर शंका घ्यायला जागा नव्हती. तरी मी गुरुजींना फोन लावला. फोनमधल्या बाईनं सांगितलं, आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

"बाहेरच की आता," मलप्पा म्हणाले आणि डोळे पुसले.

आम्ही त्यांच्या घरापर्यंत जाऊन आलो. दाराला कुलूप. दोघंतिघं तिथं उभे होते, त्यातला एक म्हणाला, किनवटहून सकाळी आणणार असतील. माझं मन फार खचलं. एक चांगला माणूस गेला होता, आणि मला ऐनवेळी अध्यक्ष बदलावा लागणार होता. दुसरा विचार मनात आल्याबद्दल मला जेवढी लाज वाटायला पाहिजे होती, तेवढी वाटली नाही. बोअर जाणार होता.

सकाळी नऊच्या आत गुरुजींच्या घरासमोर माणूस मावेना. पांढरे शर्ट, डोक्याला टोप्या, खांद्यावर टॉवेल. शनिवारी मोटारसायकली घेऊन गेलेले सगळे परत आले होते. मुखेडचे आले, कंधारचे आले, एक जण तर मळणीचं मशीन रानात उभं करून आला होता, केसांत सोयाबीनचा भुस्सा तसाच. ज्यांनी आजवर एकाही बैठकीला तोंड दाखवलं नव्हतं, ते बांबू घेऊन आले होते. बाया ओट्यावर बसून होत्या. आयुष्यभर डोकी मोजली, तेव्हा एका नजरेत कळतं, दोन गाड्या खच्चून भरून टपावर बसतील एवढी माणसं. मी गर्दीच्या पुढं मान खाली घालून उभा होतो.

मागं एक ऑटो थांबल्याचा आवाज आला. कुणीतरी चप्पल काढून हळूच माझ्यामागं येऊन उभं राहिलं.

"कोण गेलं हो?" त्यानं कानाशी विचारलं.

"लक्ष्मणराव," मी मान न वळवता सांगितलं.

"कोणते?"

"आपलेच. गुरुजी."

"कधी म्हणं?"

"काल संध्याकाळी."

"काल संध्याकाळी तर मी जेवून झोपलो होतो," मागचा माणूस म्हणाला.

मी वळलो. टोपी हातात धरून, डोळ्यांत पाणी आणून, लक्ष्मणराव स्वतःच्या मयतीला उभे होते. दुसऱ्या हातात सीताफळांची पिशवी.

तिकडं ओट्यावर रुक्मिणबाई पोचल्या होत्या. बायांनी त्यांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. दारात रडणं चाललंय म्हटल्यावर रुक्मिणबाईही रडू लागल्या, आणि चांगली दहा मिनिटं रडून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पण बाई, गेलं कोण?"

पुढची चौकशी फार वेगानं झाली. कंधारवाल्याला लोहेवाल्यानं सांगितलं होतं. लोहेवाल्याला पुनमच्या नवऱ्यानं. पुनमचा नवरा म्हणाला, मी मोटारसायकलला किक मारत होतो, तेव्हा भोंग्यावर ऐकलं. आरतीची वेळ नाही, भोंगा लागला, आवाज जड, 'राहत्या घरी', 'सकाळी नऊ वाजता'. पुढचं ऐकायची कुणाला गरजच वाटली नाही. आमच्याकडं देवळाचा भोंगा अवेळी लागला की त्याचा एकच अर्थ होतो, हे पोरासोरांना माहीत आहे. मलाही होतं. बबितानं सांगितलंही होतं. सगळ्या टोप्या माझ्याकडं वळल्या.

"माझं मशीन रानात उभं हाय," भुस्सेवाला म्हणाला. "ढग आलंय. भिजलं तर सोयाबीन तुमच्या दारात आणून टाकतो."

"आम्ही भाड्याची जीप करून आलो."

"जित्या माणसाला मारलं ह्येनं." हे रुक्मिणबाई, हातात चप्पल घेऊन.

मी घाबरलो नाही. घाबरण्यापेक्षा मला राग जास्त आला, आणि राग आला की मी बरा बोलतो. "हाव, चुकलं माझं," मी म्हणालो. "पण एक सांगा. मी आठवडाभर दारोदार फिरलो, पाया पडायचा राहिलो. तुम्हाला टाईम नव्हता. माणूस मेला म्हटलं की आख्खा तालुका ओलांडून येता. आता दहा वाजता पंचायतीत आपला बोअर मरायचा हाय. त्याच्या मयतीला येता का गावाकडं जाता?"

भुस्सेवाल्यानं वर ढगाकडं बघितलं. लक्ष्मणराव मात्र गर्दीवरून नजर फिरवत होते. आपल्याला कोण आलं, कोण नाही, हे बघायला मिळणारा माणूस विरळा. त्यांचा चेहरा समाधानी दिसत होता.

"माणसं जमलीत," ते म्हणाले. "अध्यक्ष जिवंत आहे. चला."

गुरुजींच्या शब्दापुढं इलाज नव्हता. गडी निघाले. बाया रुक्मिणबाईंजवळ थांबल्या, गुरुजींच्या नावानं दृष्ट काढायची होती. "बायांचं तिकडं काय काम," असं कुणीतरी म्हणालं. ते कुणीतरी मीच होतो.

टोप्या आणि टॉवेलांची ती रांग ग्रामपंचायतीत शिरली तेव्हा सरपंच खुर्चीतून उठले. त्यांच्याभोवती पाहुणेमंडळी आणि गावातली वीस-पंचवीस माणसं होती. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"अजून कुणी न्हाई," मी म्हणालो. "गणपूर्ती मोजा."

रामकिशननं मान डोलावली आणि रजिस्टर उघडलं. "लक्ष्मणराव गुरुजी, मत कुठलं तुमचं?"

"किनवट."

"मलप्पा?"

"देगलूर."

"तुमचं?"

"लोहा." "कंधार." "मुखेड." "मुखेड." "हदगाव."

रामकिशन विचारत गेला आणि लोक सांगत गेले. आख्खा नांदेड डेपो तिथं उभा होता, सावरखेड्याची एक गाडी तेवढी नव्हती. शेवटी तो माझ्याकडं आला. माझा भाऊ व्यंकट यंदा आमच्या गावात सरपंचाला उभा राहणार आहे. पंधरा-वीस मतांचा खेळ. तिथलं मत सोडणं म्हणजे भावाशी वैर. प्रत्येकाच्या घरी असा एक व्यंकट आहे. म्हणून घर इथं बांधलं, पाणी इथलं प्यालो, आणि मत तिकडंच ठेवलं.

"मुखेड," मी म्हणालो.

"मग तुम्ही पाहुणे," रामकिशन म्हणाला. "बसा. चहा सांगतो."

"मी इथं घरपट्टी भरतो, साहेब."

"घरपट्टी घराची असती दयानंदराव. मत माणसाचं असतंय."

सरपंच परत खुर्चीत बसले, आणि पहिल्यांदाच हसले. "मग सभा तहकूब करायची ना?"

एसटीत लोकांनी माझी कॉलर धरलीय, एकानं तिकिटाची पेटी नाल्यात टाकलीय, पण इतकं उघडं पडल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. मी बाजूला जाऊन बबिताला फोन लावला. हरलो, एवढंच सांगायचं होतं.

"मत पाहिजे म्हणतात," मी म्हणालो. "आपलं इथं एकाचंही न्हाई."

"माझं हाय की," ती म्हणाली.

"काय?"

"माझं हाय तिथं मत. रुक्मिणबाईचं हाय. पुनमचं, शिल्पाचं, सगळ्यांचंच हाय. इथं बसल्यात तेवढ्या सगळ्यांचं."

मी तिला एवढंच म्हणालो, "लगेच या."

"मिरच्या ओवाळून झाल्या की येतो."

आता सभा तेवढा वेळ जिवंत ठेवायची होती. मी गुरुजींकडं बघितलं, हळूच दोन शब्द सांगितले. गुरुजींनी छातीवर हात ठेवला आणि खाली बसले. एकदम खोली उठली. कुणी वारा घातला, कुणी त्या जारचं पाणी आणलं. आख्खी कॉलनी टोप्या घालून ज्याच्यामागं आली, तो आपल्या खोलीत गेला तर काय, हा हिशेब सरपंचाच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. तहकुबीचं नाव कुणी काढेना. गुरुजी एक डोळा किलकिला करून मला विचारत होते, अजून किती.

मग बाया आल्या. रांगेनं नाही, लोटच आला. पुढं रुक्मिणबाई, मूठ अजून मिरच्यांनी लाल. मागं सरजाबाई, साखराबाई, पुनम, शिल्पा, आमच्या शेजारची धम्मप्रिया, आणि मधे बबिता. रामकिशन नाव विचारत गेला, सही घेत गेला. शंभर झाले. त्यापुढंही झाले. मी मोजत होतो, माझी मोजणी चुकत नाही.

सरपंचानं घसा साफ केला. "हे बगा माय-माऊल्यांनो, कार्यालय झालं तर तुमच्याच लेकरांची लग्नं दारात होतील. बोअर काय पळून चाललाय? लग्न नसंल तेव्हा भराच की पाणी."

"आणि लग्नात पंगतीला पाणी कुठलं देणार?" बबितानं विचारलं.

"तिथलंच."

"म्हणजे आमचं पाणी पाहुण्यांनी प्यायचं, आणि आम्ही हंडे घेऊन भिंतीमागं मंगलाष्टकं ऐकायची. आमचं न्हाई म्हणणं हाय. लिहून घ्या."

रामकिशननं ठरावाच्या विरोधातले हात वर करायला सांगितले. खोलीभर बांगड्या वाजल्या. त्या भरात माझाही हात वर गेला.

"दयानंदराव, हात खाली घ्या," रामकिशन म्हणाला. "गिनती चुकून राहिली."

मी हात खाली घेतला. जिच्यासाठी आठवडाभर रक्त आटवलं, त्या लढाईत माझा हात मोजला गेला नाही, ही नोंद मी इथं करून ठेवतो. ठराव पडला. सरपंचाचा मेहुणा उठून बाहेर गेला.

परतताना मी बबिताला विचारलं, "हे कधी केलं?"

"मागं ती मतदार यादीवाली ताई आली होती. घरोघर फिरून राहिली होती. तुम्ही गावाकडं होते. तिनं इचारलं, इथं कोण ऱ्हातं. मी म्हणलं, मी ऱ्हाते. सगळ्यांनी तसंच सांगितलं."

"आणि मला सांगितलं न्हाई?"

"तुम्ही कुठं घरी असता," ती म्हणाली आणि सरजाबाईंशी बोलत पुढं निघून गेली.

सोमवारी मी तहसीलला जाऊन नाव इकडं आणायचा अर्ज दिला. बाहेर आलो आणि व्यंकटला फोन केला. कुठलीही गोष्ट मागून कळण्यापेक्षा आधी कळवावी, या मताचा मी आहे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, म्हणजे शिव्या फक्त सुरुवातीला दिल्या.

"बरं," तो म्हणाला. "तुझं जाऊ दे. वहिनीचं मत तरी हाय ना आपल्याकडं? ते मी धरलंय."

"तिचं कवाच इकडं आलं. ती इथली मतदार हाय."

त्यानं मनातल्या मनात मतं मोजली असावीत.

"मग तू तिथं कोण हाईस?" त्यानं विचारलं.

"मी तिच्याकडं ऱ्हातो," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.